चालू इंजिन की शाबूत चासी? कमी पैशात जुनी फोर बाय फोर उभी करताना

जुनी फोर बाय फोर उभी करायची मनापासून इच्छा आहे आणि खर्चाला मर्यादा आहे, अशा माणसाचा शोध बहुधा दोन गाड्यांवर येऊन थांबतो. पहिली किल्ली फिरवताच सुरू होते, स्वतःच्या चाकांवर चालत येते, पण खालून गंजलेली आहे. दुसरीचं इंजिन वर्षानुवर्षं फिरलेलं नाही, टायर बसलेत, सीटा फाटल्यात, पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, खणखणीत आहे. किंमत साधारण सारखी. बहुतेक जण पहिली घेतात, कारण सुरू इंजिनाचा आवाज ऐकला की माणूस गाडीखाली वाकून बघायचं विसरतो. वेल्डिंग स्वतःच्या हातानं येत नसेल तर दुसरी घ्या, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. इंजिनाच्या कामाला शेवट असतो. ते बोल्ट काढून बाहेर येतं, टेबलावर उघडतं, मापं घेतली की किती खर्च आहे ते त्याच दिवशी कळतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजलं असेल तर २० किंवा ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठं करून घ्यायचं, तेही संपलं असेल तर लायनर, म्हणजे आतून नवी नळी, घालून मूळ मापावर आणायचं. पैसे संपले तर सुटे भाग तेल लावून, गुंडाळून ठेवता येतात आणि सहा महिन्यांनी काम पुढे चालू करता येतं. अगदीच गेलं तर त्याच जातीचं दुसरं जुनं इंजिन मिळवता येतं. गंजाचं तसं नाही. एक पॅच लावायला पत्रा कापला की शेजारचाही कागदासारखा निघतो, तो कापला की त्यामागचा. कुठे थांबायचं ते गंज ठरवतो. शिवाय चासीचं काम नीट करायचं तर बॉडी उचलावी लागते, आणि बॉडी उचलली की सगळी गाडीच उघडते.

जाम इंजिन खरंच जाम आहे का?

‘इंजिन जाम आहे’ हे विकणाऱ्याचं वाक्य पूर्ण सत्य मानू नका. स्टार्टरचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकला तरी इंजिन फिरत नाही. वॉटर पंप किंवा डायनामो गंजून बसला आणि पट्टा घट्ट असला, तरी तसंच वाटतं. म्हणून आधी गिअर न्यूट्रलला टाका, पट्टा काढा, स्टार्टर उतरवा आणि मगच क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावून बघा.

तरीही हललं नाही, तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओता आणि काही दिवस विसरून जा. नंतर पान्यानं पुढे-मागे, केसभर पुढे, केसभर मागे. स्टार्टरनं जोर लावू नका, त्यात रिंगा तुटतात. उभ्या उभ्या जाम झालेली बरीच इंजिनं अशी सुटतात. चालता चालता, तेल संपून जाम झालेलं इंजिन मात्र वेगळं. तिथे बेअरिंग क्रँकला चिकटलेली असू शकतात, म्हणून गाडी कशी थांबली हे विकणाऱ्याला नक्की विचारा.

सुटल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती, ते महत्त्वाचं. एखाद्यात कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या एका चाचणीनं पुढचा बराच खर्च आधी समजतो.

दुसऱ्या गाडीला नकार देण्यासारखं एकच मोठं कारण मला दिसतं, ते म्हणजे फुटलेला ब्लॉक. पाणी आत राहून गोठलं असेल तर ब्लॉकला बाहेरून तडा दिसतो. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी तेलात जातंय; ते फक्त गॅस्केट असू शकतं, पण तसं गृहीत धरून किंमत ठरवू नका.

गंज कुठे आणि कसा बघायचा

एक छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. चासीवर ठोकत जा. चांगलं लोखंड वाजतं, कुजलेलं बद्द आवाज करतं. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. पाट्यांचे हँगर (पाट्यांच्या स्प्रिंगा चासीला धरणारे ब्रॅकेट), स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो ती जागा, मागचा आडवा भाग आणि बॉडीचे माउंट, एवढं आधी बघा. हँगरपाशी कुजलेली चासी म्हणजे ॲक्सल धरणारं काही उरलेलं नाही. जाड काळा रंग नुकताच मारलेला असेल तर जास्त जोरानं ठोका. बॉडीत लांबी (पुट्टी) भरलेली आहे का ते लोहचुंबकानं कळतं, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चुंबकाचा उपयोग नाही.

मग टेप घ्या. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण मोजा. ते जुळले नाहीत तर गाडीला कधीतरी मार बसलाय, किंवा कुणीतरी आधार न देता वेल्डिंग केलंय.

कोणती गाडी आहे यावरही बरंच ठरतं. लँड रोव्हरच्या सीरीज गाड्या (१९४८ ते १९८५) इथे फसवतात. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता म्हणून त्यांची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. ती बाहेरून वर्षानुवर्षं सुंदर राहते आणि खालची बंद पेटीसारखी पोलादी चासी आतून बाहेर कुजत येते. बाहेर भोकं दिसतात तेव्हा आत आधीच सगळं संपलेलं असतं. विलीज जातीच्या जुन्या सीजे जीपच्या चासीचा बराच भाग उघड्या सी-आकाराच्या पट्टीचा, त्यामुळे चिखल अडकला तरी दिसतो आणि खरवडता येतो. कमी पैशात पहिली गाडी करणाऱ्याला मी हीच सुचवेन. सीजे-३बी परवान्यावर महिंद्रा आणि मित्सुबिशीनंही बनवली, म्हणून भागही सापडतात. सुझुकीची एसजे४१० हलकी आणि कामाला सोपी. ९७० सीसीचं तिचं इंजिन गेलंच तर एसजे४१३ चं १.३ लिटर इंजिन गिअरबॉक्ससकट बसवणारे आहेत. तिचा पत्रा मात्र पातळ, फ्लोअर आणि काचेची चौकट आधी बघा. टोयोटाची ४० मालिका (१९६० ते १९८४) यांत सगळ्यात दणकट, पण तिला मागणी इतकी आहे की भागांच्या किमती तंग बजेटला झेपत नाहीत.

दोन्हीकडे सारखंच तपासायचं

ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलांना वाटणारी पेटी) आणि ॲक्सल. मऊ मातीत फोर व्हील आणि लो रेंज (जास्त ओढीसाठीचे मंद गिअर) दोन्ही पडतात का, आणि पडल्यावर टिकतात का, ते बघा. दुसरी गाडी सुरू नसेल तर हे ओढून आणि हातानं फिरवून जमेल तेवढंच. पुढच्या चाकांमागचे गोल गोळे खड्डे पडून खरबरीत झाले असतील तर नवं सीलही गळणार.

आणि एक गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत: दोन्ही ॲक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकं एक फेरा फिरताना त्यांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते. कुणी एक ॲक्सल दुसऱ्या गाडीचा बसवला असेल तर फोर व्हील टाकताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि शेवटी ट्रान्स्फर केस फुटते. तपासणी फुकट आहे. टू व्हील आणि न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक जॅकवर उचला, त्याच ॲक्सलचं दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. लँड रोव्हर सीरीजमध्ये तो पाचाला थोडा कमी, साधारण ४.७ येतो. पुढे-मागे आकडा एकच हवा.

तिसराही एक पर्याय नेहमी समोर येतो: कुणीतरी उघडून सोडून दिलेली, अर्धी चासीवर आणि अर्धी पोत्यांत. ती सगळ्यात स्वस्त असते. तिच्यातले हरवलेले बोल्ट, ब्रॅकेट, क्लिपा एकेक करून शोधण्यात इतका वेळ आणि पैसा जातो की पहिल्यांदाच काम करणाऱ्यानं तिकडे वळू नये.

पैसे कोणत्या क्रमानं

गाडी कोणतीही घ्या, आधी ब्रेक. यांतल्या जुन्या गाड्यांत बहुधा ब्रेकचं एकच सर्किट असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होज आणि गंजलेले पाइप एकदमच बदला, तुकड्यातुकड्यांनी नको. मग स्टिअरिंगचे सांधे आणि टायर. टायरला नक्षी भरपूर असली तरी बाजूला भेगा असतील तर ते गेले. मग पेट्रोलची टाकी आणि रेडिएटर आतून साफ. वायरिंगमध्ये जोडावर जोड दिसले तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलणं शेवटी स्वस्त पडतं. रंग सगळ्यात शेवटी; आधी रंगवलेली गाडी वेल्डिंगच्या ठिणग्यांत पुन्हा खराब होते.

आता माझ्या मताला अपवाद. वेल्डिंग मशीन तुमच्याकडे आहे, जागा आहे आणि हात बसलेला आहे, तर पहिल्या गाडीचं गणित बदलतं, कारण तिचा खरा खर्च मजुरीचाच असतो. लँड रोव्हरसारख्या गाडीला जस्त चढवलेली नवी चासी तयार मिळते. तेवढे पैसे एकदम काढता येत असतील तरीही पहिली घेता येईल. फक्त चासी बदलल्यावर नंबर आणि कागदपत्रं कशी बदलायची हे तुमच्याकडच्या नोंदणी कार्यालयात घेण्याआधी विचारा. आणि पहिली घेतलीत तर ती चालते म्हणून चालवत बसू नका. बॉडी काढेपर्यंत हँगर धरून आहेत की नाहीत, ते कुणालाच माहीत नसतं.