मेलेल्या झुरळांचा ढीग दाखवून झालेली फसवणूक

दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली, की बडोद्यात पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या फेऱ्याही वाढतात. दांडिया बाजाराजवळच्या आमच्या जुन्या इमारतीत असाच एक तरुण गळ्यात ओळखपत्र अडकवून आला, दारावरच्या पाटीवरून आडनाव हेरून मराठीत बोलू लागला आणि वर्षभराच्या हमीसह झुरळांसाठी तीन फवारण्यांचे ४,५०० रुपये आगाऊ घेऊन गेला. पहिल्या फवारणीनंतर तो फिरकला नाही. मात्र पैसे घेऊन पसार होण्यापेक्षा त्याने विश्वास कसा संपादन केला, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सिंकखाली आणि ट्रॉल्यांच्या मागे त्याने उग्र वासाचे औषध मारताच फटींतून झुरळे बाहेर पडली आणि ओट्यावर उताणी होऊन पाय झाडू लागली. ती त्याने वर्तमानपत्रावर झाडून घेतली आणि आईला बोलावून म्हणाला, "काकू, बघून घ्या, घर साफ झालं." आईने त्याला चहासुद्धा दिला.

वास्तविक किराणा दुकानात मिळणारा पायरेथ्रॉइड गटातला साधा स्प्रेही झुरळांना असेच बाहेर काढतो. स्वयंपाकघरात सर्रास दिसणारे, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर पट्टे असलेले लहान झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. त्याची मादी साधारण ३० ते ४० अंड्यांची कुपी, पिल्ले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत, शरीराच्या टोकाला चिकटवून हिंडते आणि या कुपीच्या कवचातून फवारा सहसा आत पोहोचत नाही. त्यामुळे ढीग कितीही मोठा असला, तरी काही आठवड्यांत नवी पिल्ले दिसू लागतात. आमच्याकडे ती फ्रिजच्या मोटरपाशी दिसली, आणि तोवर त्याचा फोन बंद झाला होता.

याहून उघड लबाडी जेलची होती. जेल हे आमिष असते. ते खाऊन झुरळ लपण्याच्या जागी जाऊन मरते आणि त्याची विष्ठा किंवा प्रेत खाणारी इतर झुरळेही मरतात. याने मात्र कपाटांच्या बिजागऱ्यांवर, जिथे नुकताच फवारा मारला होता, तिथेच जेलचे ठिपके लावले. फवाऱ्याच्या जागेपासून झुरळे दूर राहतात, त्यामुळे ते ठिपके तसेच सुकून गेले.

औषध त्याने शीतपेयाच्या बाटलीतून पंपात ओतले होते. "हर्बल आहे, मुलांना काही होत नाही," हे त्याचे उत्तर. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार औषधाची नोंदणी आवश्यक असते आणि डब्यावर नोंदणी क्रमांक तसेच विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. व्यावसायिक फवारणीलाही परवाना लागतो. पैसे देण्यापूर्वी परवान्याची प्रत आणि औषधाचा सीलबंद डबा, दोन्ही पाहायला मागावेत. आमच्या हमीपत्रावर फक्त मोबाइल क्रमांक होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची ठरवली, तेव्हा समोरच्याचा पत्ता सांगायला आमच्याकडे काहीच नव्हते.

तोच क्रमांक, पण दुसऱ्याच कंपनीचे नाव छापलेले कार्ड नुकतेच रावपुऱ्यातल्या एका नातेवाइकांकडे पाहिले. तिथे त्याने ढेकणांचे काम "एका फवाऱ्यात" संपवण्याचे कबूल केले आहे. ढेकणांची अंडीही पहिल्या फवारणीतून बरीचशी वाचतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा औषध मारावेच लागते. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. परवाना मागितला, तेव्हा तो ऑफिसात असल्याचे त्यांना सांगण्यात आले.