थिंकपॅड एक्स२३० वर ओपनबीएसडी: काय जमतं, कुठं अडतं

बेळगाव-निपाणीकडच्या सेकंडहँड दुकानांत कंपन्यांतून निघालेला माल येतो, त्यात थिंकपॅड एक्स२३० हा लॅपटॉप बघायला मिळतो. २०१२ चं मशीन. विंडोज ११ साठी त्याचा प्रोसेसर अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. लिनक्स हा सरळ रस्ता आहेच. पण ज्याला युनिक्स आतून समजून घ्यायचंय, आणि व्हीटीयूमुळं (बेळगावचं तंत्रज्ञान विद्यापीठ) असली मुलं या भागात पुष्कळ आहेत, त्यानं या मशीनवर ओपनबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम जरूर टाकून बघावी.

थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीतून वेगळी काढलेली ही सिस्टिम. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. तिची सर्वांत मोठी ताकद म्हणजे मॅन पेजेस, म्हणजे प्रत्येक कमांडची आणि सेटिंगची माहितीपानं. ती सिस्टिमबरोबरच डिस्कवर उतरतात, चालू आवृत्तीशी जुळतात आणि उदाहरणांसकट लिहिलेली असतात. खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसात नेट दिवसभर गायब असलं तरी वाय-फायपासून फायरवॉलपर्यंत सगळं वाचून बसवता येतं. इतकी नीट लिहिलेली कागदपत्रं दुसऱ्या कुठल्याही मोफत सिस्टिमला नाहीत, हे आमचं ठाम मत.

मशीन घेताना प्रोसेसर बघा. आय५ घ्या, आय३ नको. या पिढीच्या आय३ मध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शन झटपट करणारी प्रोसेसरमधली सोय) नाही, त्यामुळं डिस्क एन्क्रिप्ट केली की मशीन रेंगाळतं. ग्राफिक्स इंटेलचंच असल्यानं तिथं अडचण नाही. दुसरा कुठला लॅपटॉप घेत असाल आणि त्यात एनव्हिडिया असेल, तर सोडून द्या. ओपनबीएसडीत त्याला धड ड्रायव्हर नाही. डेलच्या बऱ्याच जुन्या मशीनमधलं ब्रॉडकॉम ४३१३ वाय-फाय कार्डही चालत नाही. एक्स२३० मध्ये सहसा इंटेल ६२०५ असतं, ते उत्तम चालतं. कार्ड बदलायचा विचार मात्र करू नका, कारण बायोस आपल्या यादीतलं कार्ड सोडून दुसरं घेतच नाही. बॅटरीचंही तसंच: या मॉडेलचं मशीन डुप्लिकेट बॅटरी चार्ज करायला नकार देतं. विकत घेण्याआधी बॅटरी दुकानातच चार्ज होताना बघा.

पेनड्राइव्हवर आयएसओ नको, ‘इन्स्टॉल’ नावाची आयएमजी फाइल लिहायची. त्यासाठी विंडोजवर रूफस, लिनक्सवर डीडी हे प्रोग्राम. इन्स्टॉलर साधे प्रश्न विचारतो, बहुतेक ठिकाणी एंटर पुरतो. डिस्क एन्क्रिप्ट करायची का, हा प्रश्न ७.३ पासून इन्स्टॉलरमध्येच आलाय. थांबायचं ते डिस्कच्या वाटणीपाशी. ऑटो वाटणी यूएसआर-एसआरसी आणि यूएसआर-ओबीजे असे दोन भाग काढते, ते फक्त सोर्स कंपाइल करणाऱ्यांच्या कामाचे. १२० जीबीच्या एसएसडीवर ‘ई’ दाबून ते काढा आणि जागा यूएसआर-लोकलला द्या. फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळं तिथंच जातं, आणि भाग भरला की नंतर वाढवणं फार कटकटीचं. स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरायचा डिस्कचा भाग) रॅमइतका तरी ठेवा, त्याचं कारण पुढं येतंय.

नवशिक्यांची गाडी पहिल्यांदा अडते ती वाय-फायपाशी. इंटेलचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) परवान्यामुळं इमेजमध्ये नसतं, ते नेटवरून उतरवावं लागतं, आणि नेटसाठी तर वाय-फायच हवं. उपाय सोपा: राउटरची लॅन केबल लावा, किंवा अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा. फोन ‘यूआरएनडीआयएस०’ या नावानं दिसतो. मग रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून एफडब्ल्यू-अपडेट (fw_update) चालवलं की झालं. पुढं होस्टनेम-डॉट-आयडब्ल्यूएन० या फाइलीत जॉइनची एक ओळ (नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड) आणि खाली ‘आयनेट ऑटोकॉन्फ’. घर, हॉस्टेल, फोनचा हॉटस्पॉट अशा प्रत्येकासाठी जॉइनची वेगळी ओळ घाला, जे सापडेल ते मशीन स्वतः धरतं. नेटवर्कच्या नावात स्पेस असेल तर अवतरणचिन्हं हवीतच.

आता आपल्या भागातली खरी अडचण: लाइट. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टिमला जर्नल (डिस्कवरच्या बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नाही. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर काम चालू असताना लाइट गेली, की पुढच्या बूटला एफएसके (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालतं. बहुतेक वेळा ते स्वतःच निभावतं. नाही निभावलं तर काळ्या पडद्यावर ‘ऑटोमॅटिक फाइल सिस्टिम चेक फेल्ड, हेल्प!’ एवढीच ओळ येते आणि शेलचा मार्ग विचारला जातो. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका. एंटर दाबा, एफएसके उणे-वाय (fsck -y) चालवा, संपलं की रीबूट. अर्धवट लिहिलेल्या फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नंबरांच्या नावानं सापडतात.

बॅटरी थोडी जरी जिवंत असेल तर एपीएमडी (बॅटरीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) चालू करा आणि त्याला उणे-ए व उणे-झेड १० हे पर्याय द्या. बॅटरी १० टक्क्यांच्या खाली गेली की मशीन रॅममधलं सगळं स्वॅपवर लिहून स्वतः बंद होतं. स्वॅप रॅमइतका ठेवायचा तो यासाठी. बॅटरी पूर्ण गेलीय आणि नवी घ्यायची नाही, असं असेल तर ओपनबीएसडीचा हट्ट सोडा. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर फ्रीबीएसडी टाका, ती लाइट गेल्याचा धक्का कितीतरी चांगला सोसते. घरात ३२ बिटचं जुनं नेटबुक पडलं असेल तर त्यावर नेटबीएसडी, पण ब्राउझरची आशा ठेवू नका.

मराठीसाठी नोटो-फॉन्ट्स हे पॅकेज घ्या. कीबोर्डला इनस्क्रिप्ट आहेच, शिवाय कगप पद्धतीचा मराठी आराखडाही आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. कन्नड टायपिंगची सवय असलेल्या सीमाभागातल्या हातांना तो लगेच जमतो. ब्राउझर आणि लिबरऑफिसमध्ये अक्षरं नीट जुळतात. एक्सटर्ममध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) मात्र नाही: ‘किल्ला’ लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या मागं पडते आणि जोडाक्षर सुटतं. फाइल बिघडलेली नसते, फक्त दिसायला तशी. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली कागदपत्रं युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय वाचता येणार नाहीत.

फायरफॉक्सबद्दल सारखी येणारी तक्रार म्हणजे ‘फॉर्मला फोटो जोडायला गेलं तर फोल्डर रिकामं दिसतं’. ही बिघाडाची खूण नाही. इथला फायरफॉक्स अनव्हेलनं (प्रोग्रामला ठराविक फोल्डरच दिसू देणारी सोय) बांधलेला असतो, त्याला डाउनलोड्स सोडून तुमच्या बाकीच्या फाइली दिसतच नाहीत. फोटो आधी डाउनलोड्समध्ये टाका, मग जोडा. ऑनलाइन क्लासला आवाज जात नसेल तर कर्न-ऑडिओ-रेकॉर्ड ही सेटिंग १ करा, कॅमेऱ्यासाठी कर्न-व्हिडिओ-रेकॉर्ड. दोन्ही मुद्दाम बंद ठेवलेली असतात, आणि आम्हाला ते योग्यच वाटतं. ब्लूटूथ नाहीच, ते २०१४ मध्ये काढून टाकलं. नेटफ्लिक्ससारखं डीआरएमवालं (कॉपी करू न देणारं कुलूप असलेलं) काही चालत नाही. झेरॉक्सच्या दुकानातला कॅनन एलबीपी २९०० जोडायचा असेल तर थांबा: त्याची छपाईची भाषा कंपनीची स्वतःची, तिचा ड्रायव्हर इथं नाही. पीडीएफ करून पेनड्राइव्हवर द्या.

देखभाल फारशी नाही. महिन्याला सिसपॅच (दुरुस्त्या उतरवणारी कमांड), सहा महिन्यांनी सिसअपग्रेड (नवी आवृत्ती बसवणारी), त्यानंतर पॅकेजेस ताजी करायला पीकेजी-अ‍ॅड उणे-यू. आधार फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतो, म्हणजे वर्षभर अपग्रेड टाळलं तर पॅच बंद. सिसअपग्रेड नव्या आवृत्तीच्या फाइली होमवर उतरवतं आणि यूएसआरमध्ये उलगडतं, म्हणून आधी डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) चालवून दोन्हीकडं जागा आहे का बघा, आणि चार्जर लावूनच सुरुवात करा.