पीव्हीए रिलीज लिक्विड (1 लिटर): भुसावळच्या मे महिन्यात वापरून पाहिलं

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात. ती जवळून बघायची म्हणून घरामागच्या शेडमध्ये दहा फुटी होडी बांधतोय. होडी प्लायवूडची, पण पुढच्या कप्प्याचं झाकण फायबरचं हवं, म्हणून आधी त्याचा साचा काढला. नव्या साच्यात माल चिकटून बसला की दोन्ही जातात. म्हणून हे पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) लिक्विड घेतलं. ते सुकून पातळ पापुद्रा धरतं, त्यामुळे माल चिकटत नाही.

ज्यावरून साचा उतरवायचा तो झाकणाच्या आकाराचा एमडीएफचा नमुना केला, कडांना थोडा उतार दिला, लांबी (पुट्टी) भरली, पीयू रंग मारला आणि 1200 च्या वॉटर पेपरपर्यंत घासला. चूक इथे झाली. घरात होतं तेच गाडीचं पॉलिश मेण म्हणून लावलं. त्यात सिलिकॉन होतं. त्यावर पीव्हीए पसरेचना, अळवाच्या पानावर पाणी गोळा व्हावं तसे थेंब झाले. सगळं पुसून, पुन्हा घासून साच्याचंच कार्नौबा मेण आणलं. सहा हात दिले, दोन हातांत तासाभराचं अंतर ठेवून.

मग स्प्रे गन. ब्रशने लावू नका, ब्रशच्या रेघा साच्यात जशाच्या तशा उतरतात. पहिला प्रयत्न सकाळी अकराला केला. पारा चाळिशीपार, फवारा हवेतच सुकला आणि नमुन्यावर पिठासारखी खरखर बसली. पण ओल्या फडक्याने सगळं निघून आलं, आणि या लिक्विडचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठलो. आधी हलका फवारा, मग एक ओलसर हात. वीस मिनिटांत काचेसारखा पापुद्रा तयार.

वाकून बघताना कपाळावरचा घाम त्यावर पडला आणि बोटाच्या पेराएवढं भोक झालं. शेजारचे काका बघत होते. म्हणाले, "पाण्यात विरघळतं म्हणतो ना भो, मग घाम काय वेगळा?" तेवढ्या जागी पुन्हा मारलं, आणि डोक्याला गमछा बांधूनच पुढे हात लावला.

टूलिंग जेलकोटचे (साच्याचा गुळगुळीत, कडक पृष्ठभाग होणाऱ्या जाड रेझिनचे) दोन हात दिले, वर रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट, आधी 300 ग्रॅमची, मग 450 ची. एका दिवसात दोनच थर, नाहीतर रेझिन तापतं आणि साचा वाकतो. उन्हामुळे रेझिन घट्ट करणारा हार्डनर एक टक्क्यावरच ठेवला. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र कधीच ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनच घ्या.

आठवड्याने कडेला नायलॉनच्या पाचरी घातल्या, फटीत मगभर पाणी ओतलं, रबरी हातोडीने थापटलं. टक् आवाज झाला आणि साचा वर आला. आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पीव्हीएची साल सुटत होती, ती बादलीत टाकली तर विरघळून गेली. चकाकी मात्र किंचित कमी येते, पॉलिश करावंच लागतं.

बाटलीवर बनवल्याची तारीख नव्हती, त्याचा एक तारा कापतो. पाचपैकी चार. अर्धी बाटली उरली आहे, तिच्यात बसण्याच्या पेटीचा साचा निघेल. तो मृग लागण्याआधी उरकायचाय.