व्हिडिओ पोकरच्या सरावाचं सॉफ्टवेअर: चूक पकडणारं घ्या, चिप्स उधळणारं नको

व्हिडिओ पोकरमध्ये यंत्र पाच पानं वाटतं, हवी ती राखायची, बाकीची एकदाच बदलायची आणि शेवटी हातात आलेल्या पाच पानांवर पैसे मिळतात. पुण्यात असं मशिन सापडणार नाही. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले. म्हणजे स्वारगेटहून पणजीची बस धरण्याआधी सराव करायचा तो घरच्या लॅपटॉपवर, लुटूपुटूच्या नाण्यांनी.

आवाज, चमचमणारे दिवे, हुबेहूब मशिनसारखा पडदा, या सगळ्याला आमच्याकडून शून्य गुण. पाहायचं ते एवढंच: पे-टेबल (कुठल्या पानांच्या जुळणीला किती पैसे, ही यादी) आपल्याला बदलता येतं का, आणि चुकलो तर ती चूक कितीला पडली हे आकड्यात कळतं का.

पे-टेबलाचा एवढा आग्रह का? ‘जॅक्स ऑर बेटर’ या मूळ प्रकारात (गुलामाच्या जोडीपासून पुढे पैसे मिळतात) फुल हाउसला, म्हणजे तीन सारखी पानं आणि एक जोडी, नाण्यामागे ९ आणि फ्लशला, म्हणजे पाचही पानं एकाच चिन्हाची, ६ देणारं मशिन बिनचूक खेळणाऱ्याला ९९.५४ टक्के परत करतं. ८ आणि ५ देणारं मशिन दिसायला तेच, पण परतावा ९७.३० टक्के. समजा दहा रुपयांची पाच नाणी लावली आणि तासाला ५०० डाव खेळलात, तर २५,००० रुपये फिरले. पहिल्या मशिनवर सरासरी ११५ रुपये जातील, दुसऱ्यावर ६७५. हा फरक जे अॅप दाखवतच नाही, ते फुकट असलं तरी महाग.

कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी ९/६ चं टेबल लावा आणि हे तीन डाव देऊन पाहा.

पहिला: गुलामाची जोडी, एक्का, सत्ती, तिर्री. फक्त जोडी राखायची. मेंढीकोट खेळून वाढलेल्या माणसाला एक्का हातचा सोडवत नाही, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. नुसत्या जोडीची अपेक्षित किंमत, म्हणजे सरासरी हाती येणारी रक्कम, नाण्यामागे १.५४, एक्का धरला की १.४२.

दुसरा: बदामाचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि पंजी. फ्लश झालेला आहे, ६ पदरात आहेत. तरी पंजी टाकायची, कारण रॉयलच्या (एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का, सर्वांत मोठा हात) चार पानांची किंमत १९.५५.

तिसरा: इस्पिकची सत्ती, नव्वी, चव्वी, दुर्री आणि किलवरची सत्ती. इथे जोडी मोडायची. जोडी ०.८२, फ्लशची चार पानं १.१५.

हे आकडे सॉफ्टवेअरने दाखवले नाहीत, तर बहुधा त्याचं टेबल वेगळं लागलेलं असतं. टेबल तपासूनही जुळले नाहीत तर काढून टाका.

आता नावं. सुरुवात ‘विझार्ड ऑफ ऑड्स’च्या मोफत ट्रेनरवर करावी. ब्राउझरमध्ये चालतो, चुकीचं पान धरलं की टोकतो. तिथलंच विश्लेषक पान एका डावाचे सगळे ३२ पर्याय किमतीसकट मांडतं. वरचे तीन डाव तिथे पडताळता येतील. नवशिक्याला यापुढे काही विकत घ्यायची गरज नाही. ‘फ्रुगल व्हिडिओ पोकर’ त्यांच्यासाठी, ज्यांना स्वतःच्या पे-टेबलाचा डावपेचांचा तक्ता काढून छापून हवा. ‘विनपोकर’ची शिकवण पक्की, पण ते जुन्या विंडोजच्या जमान्यातलं. जुनी सीडी किंवा फाइल कुणी दिली तर एक लक्षात ठेवा: १६-बिट इन्स्टॉलर ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही, लॅपटॉपचा त्यात दोष नसतो. तसंच ‘फ्लॅश’ या ब्राउझरच्या जुन्या तंत्रावर बांधलेले ट्रेनर २०२० नंतर बंदच पडले आहेत.

सेटिंगमध्ये ‘ऑटो होल्ड’ आधी बंद करा. पानं यंत्रच धरणार असेल तर तुम्ही नुसतं बटण दाबताय. किंमत पान टाकण्याआधी दाखवायची सोय असेल तर तीही बंद ठेवा. इशारा चुकल्यावरच यावा. नाणी कायम पाच. पाच नाण्यांवर रॉयलला ४,००० मिळतात, एका नाण्यावर ८०० नव्हे तर २५०, त्यामुळे एका नाण्यावर केलेल्या सरावाने हिशेबच बिघडतो. कठीण डावच पुन्हा पुन्हा वाटायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं, कारण साध्या वाटपात बरेचसे डाव डोळे मिटून खेळता येतील असे असतात.

शिल्लक किती राहिली याकडे बघूच नका. बिनचूक खेळूनही रॉयल सरासरी सुमारे ४०,००० डावांत एकदा येतो, म्हणजे ताशी ५०० च्या गतीने ८० तास. दोन संध्याकाळींची शिल्लक नशिबाची असते. शंभर डावांमागे किती चुका झाल्या आणि त्या किती नाण्यांना पडल्या, हे लिहून ठेवा.

चुका आटोक्यात आल्यावर लोक ‘ड्यूसेस वाइल्ड’कडे वळतात आणि जुनाच तक्ता चालवतात. तिथे दुर्री जोकर असते, गुलामाच्या जोडीला छदामही मिळत नाही आणि दोन जोड्यांनाही नाही. फुल हाउसला ३ देणाऱ्या टेबलावर दुर्री हातात नसेल आणि दोन जोड्या आल्या, तर त्यातली एक टाकून द्यायची असते. जॅक्स ऑर बेटरची सवय ती टाकू देत नाही, म्हणून दोन्हींचा सराव एकाच दिवशी करू नका.