‘मित्र’चा ‘मितर’ झाला तेव्हा

मी भाषांतराचं काम करतो, तेही बहुतेक रात्री. घर डोंबिवलीत, वन रूम किचन, आणि आईची झोप सावध. एकाकडून उसना आणलेला निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड (म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला) जेमतेम दोन रात्री चालला. तिसऱ्या सकाळी आईनं चहा पुढे ठेवत विचारलं, "रात्रभर लाह्या कसल्या फोडत होतास रे?"

मग शोधाशोध. निळा टिकटिकतो, तपकिरीला मध्येच बारीक अडथळा लागतो, आणि लाल म्हणजे लिनियर, वरपासून खालपर्यंत सरळ. दिवा लावता येत नाही म्हणून अक्षरांखाली उजेडही हवा होता. एवढ्या भांडवलावर मी लॅमिंग्टन रोड गाठला.

काउंटरवर एक कीबोर्ड सात रंगांत लखलखत होता. दुकानदारानं एक कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, उपटून दाखवली. खाली लाल दांडी, तिच्यावर अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. "लिनियर आहे साहेब, एकदम सायलेंट. हॉटस्वॅप पण आहे." म्हणजे स्विच उपटून बदलता येणारा. दाबून पाहिलं, लोण्यासारखं. भाव २,८०० वरून २,५०० वर आला. मग आतून ‘सीलबंद पीस’ आला आणि तो न उघडताच मी ट्रेन पकडली. बिल कच्चं, त्यावर फक्त ‘गेमिंग कीबोर्ड, १ नग’.

त्या रात्री आवाज जवळजवळ नव्हताच. मी खूश! खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. लिनियर म्हणजे बिनआवाजाचा नव्हे. क्लिक नसते एवढंच, पण बटण तळाला आपटलं की खट् होतंच. खरोखर शांत हवा असेल तर आत रबराची गादी बसवलेले सायलेंट लिनियर वेगळे मिळतात.

घोळ उघड झाला तो हलन्तामुळे. मी इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या कळमांडणीवर टाइप करतो, त्यात डी या बटणावर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, असतो. त्र लिहायला एल, डी, जे अशी तीन बोटं एकामागोमाग पडतात. आठवडाभरानं संपादकांचा फोन आला, "अहो, हे ‘मितर’, ‘पतर’, ‘मातर’ काय चाललंय?" डावं मधलं बोट डी हलकेच दाबून पुढे जात होतं आणि तेवढ्यानं हलन्त उमटतच नव्हता. मला वाटलं, वय झालं.

मग एका रविवारी नोटपॅड उघडून एकच बटण अगदी सावकाश दाबलं. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड या लाल स्विचमध्ये बटणाचा एकूण प्रवास ४ मिलिमीटर, आणि अक्षर उमटतं २ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेत. ताकद लागते ४५ सेंटिन्यूटन. माझ्याकडे मात्र बटण आधी अडलं, मग एकदम ढासळलं आणि पार तळाला टेकल्यावर अक्षर आलं. हे साध्या कीबोर्डात बटणाखाली असतो त्या रबराच्या घुमटाचं लक्षण. कीकॅप काढली तर लाल दांडी होतीच, क्रॉससुद्धा. पण स्विच चिमट्यानं ओढून निघेना, कारण स्विच नव्हताच! वरच्या प्लास्टिकच्या साच्यातच खाचा होत्या, त्यांत लाल दांड्या आणि खाली साधा मेम्ब्रेन, म्हणजे सगळ्या बटणांना मिळून एकच सलग पडदा. हॉटस्वॅपमध्ये अख्खा स्विच उपटून हातात येतो, त्याच्या पोटाखाली धातूचे दोन पाय दिसतात.

उजेडानंही सांगितलं होतंच, मी ऐकलं नव्हतं. उजेडवाल्या मेकॅनिकलमध्ये सहसा प्रत्येक स्विचला त्याचा एलईडी असतो. माझ्याकडे डावीकडे लाल, मध्ये हिरवा, उजवीकडे निळा असे ठरलेले पट्टे, आणि उजेड बटणांच्या फटींतून गळणारा. रंग बदलायची सोय नाहीच. (देवनागरीचे स्टिकर चिकटवले की उजेड असाही झाकला जातो, ते वेगळं दुखणं.)

आणि लाल रंगाचं काय घेऊन बसलात! चेरीचा काळा स्विचही लिनियर, फक्त ६० सेंटिन्यूटनचा, दणकट बोटांसाठी. गेटरॉन या दुसऱ्या कंपनीचा पिवळाही लिनियर. उलट लाल दांडी कुणीही कशावरही बसवावी, प्लास्टिकला रंग द्यायला काय लागतं?

खोका घेऊन परत गेलो. दुकानदारानं शांतपणे खोक्याच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘मेकॅनिकल फील’. "आम्ही कुठे मेकॅनिकल म्हणालो साहेब?" काउंटरवरचा पीस वेगळा का, यावर तो म्हणाला, तो डेमो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करतो म्हटल्यावर सूर जरा उतरला. वर ९०० घेऊन खरा देतो, पण पैसे परत नाहीत. भांडायला अंगात त्राण नव्हतं, आणि हातात कच्चं बिल. मी कबूल झालो, याची अजून चीड आहे.

मात्र या वेळी खिशात ओटीजीची, म्हणजे फोनला कीबोर्ड जोडायची, वायर होती. खोका तिथेच फोडायला लावला, कीबोर्ड माझ्या फोनला जोडला, नोट्स उघडून डी सावकाश दाबला. अर्ध्यावर अक्षर आलं. चिमट्यानं चार कोपऱ्यांतले चार आणि मधला एक असे पाच स्विच उपटून त्यांचे पाय पाहिले. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांनीही पाहिलं.

बिल मागितलं तर त्यानं ‘मेक. कीबोर्ड’ लिहिलं. मी पेन मागून घेतलं आणि पुढे ‘मेकॅनिकल, लिनियर स्विच, हॉटस्वॅप’ असं स्वतःच्या हातानं पूर्ण लिहिलं. खाली शिक्का मारायला तो बराच वेळ डबी शोधत होता.