तीन वर्षांची 'हॉर्टिकल्चर डिग्री': पुण्यात माझ्या भावाची झालेली फसवणूक

बारावीचा निकाल लागला की डेक्कन, जंगली महाराज रस्ता, शिवाजीनगर या भागात अ‍ॅडमिशन करून देणाऱ्या ऑफिसांत पालकांची गर्दी होते. अशाच एका ऑफिसने माझ्या धाकट्या भावाची तीन वर्षं आणि आमचे साडेतीन लाख रुपये गिळले. पोलिसांत तक्रार दिलेली असल्यामुळे नाव लिहीत नाही. पण त्यांनी हे कसं जमवलं ते सगळं लिहिते, कारण यंदाही कुणाचे तरी आईवडील तिथे बसलेले असतील.

आमचं घर सासवडजवळ. अंजीर आणि सीताफळाची बाग. भावाला शेतीतच काहीतरी करायचं होतं, पण सीईटीला परसेंटाइल कमी पडला. त्या ऑफिसातल्या सरांनी अण्णांसमोर, म्हणजे आमच्या वडिलांसमोर, कागदावर हिशेब मांडला. सरकारी कॉलेज मिळणार नाही, खासगी कॉलेजला होस्टेल-मेससकट चार वर्षांत आठ-दहा लाख जातील. त्यापेक्षा परराज्यातल्या विद्यापीठाची बी.एस्सी. हॉर्टिकल्चर करा, तीनच वर्षांत होते. वर्ग शनिवार-रविवार पुण्यातच, बाकीचे दिवस मुलगा बागेत. पुढे बँकेत कृषी अधिकारी व्हा, एमपीएससी द्या, सगळं चालतं. शिवाय एक वर्ष वाचलं म्हणजे एका वर्षाचा पगार आधी हातात. अण्णांनी आयुष्यभर बाजारभाव बघून माल विकलाय, त्यांना हा हिशेब लगेच पटला. मीही पहिल्या वर्षाचे पैसे भरले.

आता खरी परिस्थिती सांगते. उद्यानविद्येची, म्हणजे हॉर्टिकल्चरची, पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची असते. महाराष्ट्रात ती राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांतून मिळते, आणि प्रवेश राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून होतात. शेवटच्या वर्षी मुलं कार्यानुभवासाठी खेड्यात शेतकऱ्यांबरोबर राहतात. हे शनिवार-रविवारी उरकणारं शिक्षणच नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ज्या विषयांना मनाई केली आहे त्यांत शेती आहे आणि उद्यानविद्याही आहे. म्हणजे विद्यापीठ खरं असतं तरी ही डिग्री टिकली नसती.

भावाचं 'प्रॅक्टिकल' कसं झालं ते ऐका. सगळ्या मुलांना गाडीत घालून उरुळी कांचनकडच्या एका नर्सरीत नेलं. पांढरे अ‍ॅप्रन दिले, हातात कलम करायचा चाकू दिला, फोटो काढले आणि अ‍ॅप्रन परत घेतले. जर्नल आधीच लिहून तयार होतं, भावाने फक्त नाव घालायचं. त्यात अंजिराची लागवड बियांपासून करतात असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या फाटे लावून अंजीर वाढवतात. तो घरी येऊन म्हणाला, "ताई, यांना अंजीर माहीतच नाही गं." मी ते जर्नल अजून जपून ठेवलंय, तक्रारीला त्याची प्रत जोडली आहे.

फसवणूक उघड झाली ती बँकेच्या भरतीत. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला चार वर्षांची पदवी लागते, तसं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. भाऊ अर्ज भरायला बसला आणि तिथेच अडकला. मग मी विद्यापीठाला थेट ईमेल केला. उत्तर आलं: पुण्यात आमचं कुठलंही केंद्र नाही आणि या नावाचा विद्यार्थी आमच्या पटावर नाही. गुणपत्रिकाही खोट्याच होत्या. पावत्या काढून बघितल्या तर एकीवरही विद्यापीठाचं नाव नाही, सगळीकडे 'मार्गदर्शन शुल्क'. जाब विचारायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "आम्ही फक्त मार्गदर्शन करतो." बारावीची मूळ गुणपत्रिका आणि दाखला मात्र त्यांनी अडकवून ठेवला होता. पोलिसांचा फोन गेल्यावर ते दोन्ही कागद परत मिळाले.

खर्चाची जी बाजू त्यांनी लपवली ती मला सगळ्यात जास्त टोचते. सीईटी सेलच्या केंद्रीय फेरीतून खासगी कॉलेज मिळालं, तरी घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून खुल्या गटातल्या मुलांना निम्मी ट्यूशन फी मिळू शकते. 2024-25 पासून याच उत्पन्न मर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ती पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून गेलात तर यातलं काही मिळत नाही, आणि डोनेशन घेणं 1987 च्या कायद्यानेच गुन्हा आहे. त्या कागदावरचे आठ-दहा लाख आम्हाला घाबरवण्यासाठी लिहिलेले होते.

पदवी घ्यावी का, हे मला आता बरेच जण विचारतात. बँक, कृषी विभाग, पुढे एम.एस्सी. हे मनात असेल तर चार वर्षं द्यावीच लागतात, आणि माझ्या मते ती द्यावीत. पण घरची बाग नीट करायची किंवा पॉलिहाऊस उभारायचं एवढंच असेल, तर पणन मंडळाच्या तळेगाव दाभाडे इथल्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमधलं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आधी करून बघा. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अण्णांचे पैसे ठिबकला लागले असते.

पैसे भरायच्या आधी कॉलेजचं नाव सीईटी सेलच्या यादीत शोधा. ज्या नोकरीचं आमिष दाखवतात तिची मागच्या वर्षीची जाहिरात काढून पात्रतेची ओळ स्वतः वाचा. विद्यापीठाला स्वतः ईमेल करा, ऑफिसने दिलेल्या नंबरवर चौकशी करू नका. मूळ कागदपत्रं एजंटच्या हातात देऊ नका. आणि जे आधीच अडकलेत त्यांनी यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पावत्या, सगळं जपून जवळच्या पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे. आमच्या तक्रारीनंतर त्याच ऑफिसविरुद्ध आणखी पालक पुढे आलेत, त्यामुळे आता तपास अधिकारी आमचं म्हणणं नीट ऐकून घेतात.