डीएनएस बदलावा की वाय-फायचा बँड?

घरचं इंटरनेट रखडायला लागलं की दोन उपाय हमखास सुचवले जातात: डीएनएस बदला, नाहीतर वाय-फायचा बँड, म्हणजे तो वापरत असलेला रेडिओ लहरींचा पट्टा, बदला. दोन्ही पाच मिनिटांची कामं, पण त्यांचा परिणाम अगदी वेगळा.

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता) शोधून देणारी सेवा. डीएनएसच्या सेटिंगमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकला, तर पान उघडायला लवकर सुरुवात होऊ शकते. मात्र पत्ता मिळाला की डीएनएसचं काम संपलं. मोठी फाइल उतरवायला तेवढाच वेळ लागतो, आणि स्पीड टेस्टचा आकडाही सहसा हलत नाही.

बँडचं तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब पोचतो, पण तिथे गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, चालू मायक्रोवेव्हसुद्धा. एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडमधले छोटे भाग) जेमतेम तीन. १, ६ आणि ११. याउलट ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आणि वेग जास्त, फक्त भिंती आडव्या आल्या की सिग्नल लवकर ढेपाळतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिफर्ड बँड’ शोधा. सगळ्याच अडॅप्टरमध्ये तो नसतो.

राउटर त्याच खोलीत असेल तर मी आधी बँडच बदलेन. पण पान उघडतानाच अडखळत असेल आणि सुरू झालेला व्हिडिओ मात्र सुरळीत चालत असेल, तर डीएनएसकडे वळा. बदलण्याआधी जुना पत्ता लिहून ठेवायला विसरू नका.